धावायला आवडतं पण दर रविवारी पेसचं टेन्शन येतं, मजा परत कशी आणायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आठवडाभर ऑफिस, शनिवार-रविवारी धावणं, मनगटावर घड्याळ, ऑफिसवाल्यांचा ग्रुप, त्यात कोण किती पळालं याचे स्क्रीनशॉट, आणि आता शनिवारी रात्रीच पोटात गोळा येतो की उद्या पेस पडला, म्हणजे किलोमीटरला जास्त मिनिटं लागली, तर काय. वरून म्हणता की सुट्टी संपते तरी सुट्टी झाल्यासारखं वाटत नाही, आणि ग्रुप सोडू का. ग्रुपचं शेवटी सांगतो, त्यात माझी स्वतःची फजिती झालेली आहे.

मी कोच वगैरे नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडं माझं गाव, गावात ऑनलाइन कामाचं दुकान आहे, सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, भरतीचे फॉर्म, असलं सगळं. वय 38. पण टेन्शन घेऊन धावण्याचा अनुभव माझ्याकडं भरपूर आहे, कारण मी दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी केलेली आहे.

आता भरतीत पोरांना 1600 मीटर असतात, 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आले की 20 पैकी 20. माझ्या वेळी 5 किलोमीटर असायचे. शाळेचं ग्राउंड आमचं 200 मीटरचं, फक्की टाकून आम्हीच आखलेलं, म्हणजे 25 राउंड. एक मित्र नोकियाचा मोबाईल घेऊन मधात उभा राहायचा आणि दर राउंडला ओरडून टाइम सांगायचा. त्या ग्राउंडच्या बाजूला निंबाची झाडं होती म्हणे, मला आठवतच नाहीत. मला आठवतो तो मित्राचा आवाज, आणि पंधराव्या राउंडनंतर तोंडात येणारी रक्तासारखी चव. तीन मार्कांनी मेरिटमधून बाहेर गेलो. त्यानंतर दहा वर्षं मी धावलो नाही, एसटी सुटत असली तरी नाही. बूट बाबा फवारणीच्या वेळी घालायचे, त्यातच ते संपले.

परत सुरू कसं झालं ते सांगतो कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडलं. 2021 ची गोष्ट, ऑक्टोबर महिना, सोयाबीन सोंगून वावरात गंजी लावून ठेवलेली आणि दुपारी चारला एकदम आभाळ आलं. गाडी भाऊ घेऊन गेलेला. वावर अडीच किलोमीटर. मी ताडपत्रीची गुंडाळी खांद्यावर घेतली आणि पांधणीनं निघालो, आधी चालत, मग भराभर, मग कधी पळायला लागलो कळलं नाही, पायात चप्पल, एकदा तर चप्पल हातात. पोचलो, गंजी झाकली, दगड ठेवले चारी बाजूंनी, आणि पाऊस आलाच नाही राजेहो, दोन थेंब पडून आभाळ पुसदकडं निघून गेलं. मी तिथंच धुऱ्यावर बसून धापा टाकून राहिलो होतो आणि हसूनही राहिलो होतो. दहा वर्षांत पहिल्यांदा पळालो आणि किती मिनिटांत पळालो ते मला माहीत नव्हतं, आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पाय इतके दुखले की दुकानाच्या पायऱ्या चढवेनात. पण पुढच्या रविवारी सकाळी मी परत गेलो, ताडपत्री नव्हती एवढंच.

आता इथं गोष्ट चांगली संपायला पाहिजे होती पण मी शहाणा, मी घड्याळ घेतलं. अडीच हजाराचं, सेलमध्ये. ॲप टाकलं. तीन महिन्यांत तोच जुना ग्राउंडवाला मित्र जणू मनगटावर येऊन बसला. घरापाशी आलो की बघायचो 4.87 किलोमीटर झालेत, मग 5 पूर्ण करायला घरासमोर मारुतीच्या देवळापर्यंत जा-ये करायचो, चार-चार चकरा, शेजारची आजी ओट्यावर बसून बघायची आणि एक दिवस तिनं आईला विचारलं, "पोराले काही झालं काय वं?" आणि मी चिडलो तिच्यावर! माझे सात मिनिटांचे पेस सात-पाचवर गेले म्हणून रविवारभर घरात कोणाशी धड बोललो नव्हतो. पाच सेकंद. दिवसभरात पाच सेकंदांचं मी काय करणार होतो देव जाणे.

तर पहिलं म्हणजे हे, की तुमचा पेस पडला म्हणता तो कोणत्या महिन्यात पडला ते बघा. मार्च-एप्रिल असेल तर तुम्ही कमजोर झाले नाहीत, ऊन वाढलंय. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडं वळवावं लागतं, घाम जातो, त्यामुळं त्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. आमच्याकडं मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो, नवतपा लागला की सकाळी साडेसहानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तिथं जानेवारीचा पेस मे महिन्यात मागणारा माणूस मूर्ख. आणि श्रावणात काळ्या मातीत पळून बघा एकदा, दहा पावलांत एकेका बुटाला किलोभर चिखल, घड्याळ काय दाखवेल ते दाखवेल. शेतीत कोणी असं म्हणत नाही की मागच्या सालचं उत्पन्न दर साली आलंच पाहिजे, म्हणजे म्हणतात, पण म्हणून येत नाही.

दुसरं, हळू धावणं म्हणजे कमी धावणं नाही. जपानात फुकुओका विद्यापीठात हिरोआकी तनाका म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी अशाच हळू धावण्याचा प्रचार केला, त्याला ते निको निको वेग म्हणायचे, निको निको म्हणजे हसरा. चेहऱ्यावर हसू ठेवून आणि बाजूच्याशी गप्पा मारत जमेल तेवढाच वेग, चालण्यापेक्षा थोडा जास्त असला तरी चालतो. मला हे फार आवडलं कारण तपासायला घड्याळ लागत नाही, एक अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं की झालं. मी एकटा असलो की कुत्र्याशी बोलतो. आणि तो केनियाचा किपचोगे, ज्यानं 12 ऑक्टोबर 2019 ला व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत काढलं, म्हणजे किलोमीटरला 2 मिनिटं 50 सेकंद, तोसुद्धा हलक्या दिवशी मुद्दाम हळू पळतो. त्याला त्याची लाज वाटत नाही तर आपण कोण.

आमच्याकडं मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला गाडी होती, छोट्या रुळाची, आता बंद आहे. म्हातारे लोक सांगतात की चालत्या गाडीतून उतरून, लघवी करून, परत तीच गाडी पकडता यायची. मी माझ्या वेगाला शकुंतला म्हणतो. बायको विचारते आज कशी झाली, मी म्हणतो शकुंतला, विषय संपला.

आणखी एक गोष्ट वाचली होती ती तुमच्या कामाची आहे. इंग्लंडात पार्करन म्हणून दर शनिवारी सकाळी 5 किलोमीटर फुकट धावणं असतं, 2004 मध्ये लंडनच्या बुशी पार्कात 13 धावणाऱ्यांपासून सुरू झालं, आता किती तरी देशांत आहे. तिथं सगळ्यात शेवटी चालायला त्यांचा एक स्वयंसेवक मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे तुम्ही कितीही हळू गेले तरी शेवटचे तुम्ही नसता. आणि 2024 च्या फेब्रुवारीत त्यांनी वेबसाइटवरून सगळ्यात वेगवान कोण वगैरे रेकॉर्डच्या याद्या काढून टाकल्या, नवीन माणूस बघून बिचकू नये म्हणून. पुष्कळ लोक चिडले त्याच्यावर. मी असतो तर मीही चिडलो असतो, 2022 चा मी. आता बरोबर वाटतं.

आता माझा रविवार कसा असतो. आधी एक, गावात रविवार म्हणजे सुट्टी असं काही नसतं, मजुरांची सुट्टी बाजाराच्या दिवशी, आणि तोच दिवस माझ्या दुकानात मरणाच्या गर्दीचा. म्हणून मी रविवार बंद ठेवतो, त्याच्यावर गावात बोलणी खाल्ली आहेत. सकाळी पावणेसहाला निघतो. घड्याळ घरी. मोबाईल नेतो पण खिशात, रस्त्यात कोणाची गाडी बंद पडली वगैरे तर असावा. देवळामागचं एक भुरं कुत्रं सोबत निघतं, आमचं नाही ते, कोणाचंच नाही, आणि बरोबर रपट्यापर्यंत, म्हणजे बुटक्या पुलापर्यंत, येतं. रपट्याच्या पलीकडं दुसऱ्या गावच्या कुत्र्यांची हद्द. तिथं ते बसतं, कान वर करून, मी नदीवरून परत येईपर्यंत तिथंच, आणि मग माझ्यापुढं पळत घरी जातं जणू त्यानंच पूर्ण केलं अंतर. मी पळत जातो आणि येताना बऱ्याचदा चालत येतो. अडाण नदीच्या काठाला बसतो, पाणी असलं तर पाय टाकून. एकदा तुरीतून रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आडवा गेला, सात-आठ असतील, मी उभाच राहिलो, आणि मागून जागल करून येणारे एक काका म्हणाले, "त्याईले पाहून काय राह्यला, मायी तूर खाल्ली त्याईनं." तेही खरंच.

गावात वेगळं प्रेशर असतं हे शहरात समजत नाही. तिथं पेसचं, इथं लोकांचं. बिनकामाचा माणूस धावतो हे कोणाला पटत नाही. सुरवातीला रोज एक तरी म्हणायचा, "काहून पयून राह्यला बे, कोनती भरती निघाली?" मी वय सांगायचो, बीपी सांगायचो, नंतर कंटाळून "हो, निघाली" म्हणायला लागलो तर दोन पोट्टे फॉर्म भरायला दुकानात आले. बाईमाणसाला तर आणखी कठीण, माझ्या बायकोला पळायची हौस आहे पण दिवसा रस्त्यावर पळायची सोय नाही, ती बचत गटातल्या दोघींसोबत संध्याकाळी टाकीपर्यंत चालते आणि शेवटचा अंधाराचा तुकडा तिघी मिळून पळतात, हसत हसत. निको निको म्हणतात ते हेच असावं असं मला वाटतं.

सुट्टीचं जे विचारलं त्यात माझं मत जरा कडक आहे. धावणं सोडा, आपण रविवारचीही यादी करतो. मीही करायचो, गाडी धुणे, पोराचा अभ्यास, सासरवाडी, एक पिक्चर, दुकानाचा हिशोब, आणि संध्याकाळी बघायचो पाचातले तीन झाले. ही तर नोकरीच झाली, बिनपगारी. आता मी एकच गोष्ट ठरवतो, बाकी जे होईल ते. थंडीत बहुतेक वावरात रोडगे असतात, गोवऱ्यांच्या आगीवर भाजलेले, वांग्याची भाजी, तूप, दुपारी तिथंच झाडाखाली झोप. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, असला जवळपास तर तिकडं. बैलजोडी सुटली की सगळ्यांच्या नजरा टाइमवर, सेकंदाच्या फरकावर भांडणं होतात, आणि मी तिथं मन भरून ओरडतो, कारण धावणारा मी नसतो. टाइमची माझी सगळी हौस तिथं फिटते.

घड्याळ फेकून द्या असं मी म्हणत नाही, स्पर्धेची तयारी असेल तर लागतंच. पण आठवड्यातून निदान एक धाव बिनघड्याळाची करा, सुरवातीला हात रिकामा वाटतो, दर दोन मिनिटांनी मनगट बघता, तीन-चार वेळा गेल्यावर सुटतं. ॲपमध्ये धाव फक्त स्वतःला दिसेल अशी सेटिंग असते, ती लावून बघा. मी लावली तेव्हा मला कळलं की माझी अर्धी धाव दुसऱ्यांना दाखवायला होती, कारण त्या आठवड्यात दोनदा गेलोच नाही.

आता ग्रुप. सोडू नका, म्यूट करा. आमचा भरतीच्या जुन्या मित्रांचा ग्रुप होता, रोज सकाळी किलोमीटर टाकायचे, एक दिवस मी रागात रात्री अकराला लेफ्ट झालो. सव्वा अकराला एकाचा फोन, "नाराज हाय काय बे?" मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्यानं माझ्या भावाला फोन केला की घरी सगळं ठीक आहे ना. साडेबारापर्यंत सगळ्यांना सांगत बसलो की मला काही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत ॲड केलं. तेव्हापासून म्यूट आहे, कोणाला पत्ता नाही.