अंगणातला आंबा वाळतोय? आधी गाडी हलव

भावा, आंबा शेंड्याकडून वाळतोय म्हणून लगेच युरियाची पिशवी आणू नकोस. त्याच्याखाली रोज गाडी लावतोस ना? पंचगंगेकाठची ही काळी माती ओली असताना दाबली की विटेसारखी घट्ट होते. मुळांना हवाच नाही, तर खत घेणार कोण?

मुळांना हवा मिळायला पहारीनं भोकं पाडायची आहेत, पण पाऊस उघडल्यावर आधी वापसा येऊ दे, म्हणजे चिखल सुकून माती नुसती ओलसर राहू दे. चिखलात पहार घातलीस तर भोकाच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, सगळी मेहनत वाया. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं. खोडाजवळ अजिबात खणू नकोस. अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात, फांद्यांच्या टोकांखाली आणि त्याही पलीकडे. तिथं दोन-दोन फुटांवर फूटभर खोल भोकं पाड. जाड मूळ लागलं तर जागा बदल. भोकात चांगलं कुजलेलं शेणखत नि थोडी जाड वाळू भर. साखर कारखान्याची ताजी मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, नको; कुजताना ती तापते.

वर चार बोटं उसाचं पाचट पसर, कोल्हापुरात त्याला काय तोटा! फक्त खोडापासून वीतभर लांब ठेव.