वाचकांचे प्रश्न : नेत्याचे कर्ज आणि परदेशी सावकार

प्रश्न : डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर जर्मन बँकेचे मोठे कर्ज असल्याची चर्चा ते पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष असताना सतत होत होती. व्यावसायिक माणसाने कर्ज काढले तर त्यात एवढे गहजब करण्यासारखे काय होते?
— एक वाचक, नाशिक

कर्ज काढणे हा गुन्हा नाही आणि ते परदेशी बँकेकडून काढणे हाही नाही. न्यूयॉर्कमधला कर्जाविना उभा राहिलेला बांधकाम व्यावसायिक शोधूनही सापडणार नाही. मात्र कर्जदार सत्तेवर आला की कर्जाचा आकडा दुय्यम होतो आणि अटी महत्त्वाच्या ठरतात. कर्जाची मुदत केव्हा संपते, कर्जदाराने स्वतः हमी दिली आहे काय, आणि हप्ता थकला तर सवलत द्यायची की जप्ती आणायची हे कोणाच्या हाती आहे, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

ट्रम्प यांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. शिकागो येथील उत्तुंग इमारतीसाठी त्यांनी डॉइश बँकेकडून कर्ज घेतले होते आणि त्यातील ४ कोटी डॉलरची हमी वैयक्तिक होती. २००८च्या मंदीत फेडीची वेळ आली तेव्हा त्यांनी बँकेवरच दावा लावला. आर्थिक संकट हे करारातील नैसर्गिक आपत्तीच्या कलमात बसते, म्हणजे आपल्या भाषेत ते ‘अस्मानी’ आहे, सबब मुदत वाढवून मिळावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. बँकेचे म्हणणे अर्थातच वेगळे होते. २०१०मध्ये तडजोड झाली. एवढा तमाशा झाल्यावर कोणतीही बँक अशा ग्राहकाला पुन्हा दारात उभे करणार नाही असे आपल्याला वाटेल. परंतु त्याच बँकेच्या, धनिकांची खाती सांभाळणाऱ्या दुसऱ्या विभागाने २०१२पासून त्यांना नवी कर्जे दिली. फ्लोरिडातील डोराल येथील गोल्फ संकुलासाठी सुमारे १२.५ कोटी डॉलर आणि वॉशिंग्टनमधील जुन्या टपाल कार्यालयाच्या इमारतीत थाटलेल्या हॉटेलासाठी १७ कोटी डॉलर, ही त्यांतील ठळक उदाहरणे.

वैयक्तिक हमी म्हणजे काय, हे आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. कंपनी बुडाली तर कंपनीची मालमत्ता जाते, पण जामीनदार स्वतः असला तर वसुलीची नोटीस घराच्या दारावर लागते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सप्टेंबर २०२०मध्ये ट्रम्प यांच्या करविषयक कागदपत्रांवरून दिलेल्या वृत्तानुसार अशी वैयक्तिक जबाबदारी असलेले कर्ज ४२.१ कोटी डॉलर होते आणि त्यातील बहुतांश रक्कम पुढील चार वर्षांत फेडायची होती. २०२०च्या निवडणुकीत ते पुन्हा निवडून आले असते तर बँकेला एका पदस्थ राष्ट्राध्यक्षाकडे वसुलीला जावे लागले असते. ट्रम्प यांनी ही रक्कम आपल्या संपत्तीच्या मानाने किरकोळ असल्याचे सांगितले. ती किरकोळ असेलही. पण किरकोळ देणे मुदत वाढवून का घ्यावे लागते, असे सावकार विचारतोच.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गहाण कर्जरोख्यांच्या गैरव्यवहाराबद्दल डॉइश बँकेने अमेरिकेच्या न्याय खात्याशी ७२० कोटी डॉलरची तडजोड केली, ती जानेवारी २०१७मध्ये, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या तीन दिवस आधी पक्की झाली. म्हणजे त्या दंडावर ट्रम्प यांचा हात फिरला असे म्हणता येत नाही. पण वेळ थोडी पुढे सरकली असती तर काय चित्र दिसले असते, ते पाहा. राष्ट्राध्यक्ष बँकेचा ऋणको, राष्ट्राध्यक्षाने नेमलेला न्यायमंत्री त्याच बँकेवरील कारवाईचा प्रमुख. सौम्य दंड झाला तर लोक म्हणणार, कर्जाची परतफेड झाली. कडक झाला तर म्हणणार, जुने वैर काढले. हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात तो हाच. त्यात लाच घेतलेली असावी लागत नाही. निर्णय प्रामाणिक असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवू शकत नाही, एवढे पुरेसे असते.

प्रश्न : अमेरिकेत कर्जे जाहीर करावी लागतात, असे वाचले आहे. मग लपून काय राहते? आणि पुण्यातही ट्रम्प टॉवर आहे, त्याचा या कर्जांशी संबंध आहे का?
— एक वाचक, पुणे

शेवटच्या भागाचे उत्तर आधी. कल्याणीनगरच्या इमारतींना ट्रम्प यांचे नाव आहे ते परवान्याने. बांधकाम स्थानिक विकासकाचे, नाव त्यांचे, आणि नावाचे मानधन त्यांना. परदेशातून असे उत्पन्न मिळणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचे हितसंबंध हा वेगळा विषय आहे, परंतु ते देणे नसून येणे आहे.

जाहीर करण्याची पद्धत अशी. १९७८च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षाला दरवर्षी एक विवरणपत्र भरावे लागते. आज त्याला फॉर्म २७८-ई म्हणतात. त्याच्या आठव्या भागात देण्यांचा तक्ता असतो. त्यात धनकोचे नाव, देण्याचा प्रकार, रक्कम, कर्ज घेतल्याचे वर्ष, व्याजदर आणि मुदत असे रकाने आहेत. रक्कम मात्र नेमकी लिहायची नसते, टप्प्यात लिहायची असते, आणि सर्वांत वरचा टप्पा ‘५ कोटी डॉलरहून अधिक’ हा आहे. त्यामुळे ५ कोटी १ लाखाचे कर्ज आणि १७ कोटींचे कर्ज या तक्त्यात शेजारी शेजारी अगदी सारखी दिसतात.

खरी फट त्याच्या पलीकडे आहे. तक्ता विचारतो तो व्यक्तीच्या देण्याबद्दल. तिच्या मालकीच्या कंपनीने घेतलेले आणि तिने स्वतः हमी न दिलेले कर्ज त्यात न दाखवता राहू शकते. दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीचे उदाहरण घ्या. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोर उभ्या राहिलेल्या ट्रम्प वर्ल्ड टॉवरच्या वेळी ही कंपनी ट्रम्प यांची भागीदार होती. तिच्या व्यवहारातून आलेले १.९८ कोटी डॉलरचे देणे ट्रम्प यांच्या व्यवसायाच्या वह्यांत होते, जाहीर विवरणपत्रात नव्हते. ते फिटले जुलै २०१७मध्ये, म्हणजे त्यांनी पदभार घेतल्यानंतर साडेपाच महिन्यांनी. आणि ‘फोर्ब्स’ने ते उजेडात आणले डिसेंबर २०२२मध्ये. देणे फिटले त्याच सुमारास ते कोरियाशी व्यापार करार बदलण्याबद्दल घासाघीस करत होते. त्या देण्याने वाटाघाटीवर परिणाम झाला असे मी म्हणत नाही. मतदाराला ते तपासण्याची संधीच नव्हती, एवढेच म्हणतो.

भागीदारीची गोष्ट याहूनही गुंतागुंतीची. मॅनहॅटनमधील १२९० ॲव्हेन्यू ऑफ द अमेरिकाज या इमारतीत ट्रम्प यांचा ३० टक्के वाटा आहे. तिच्यावर २०१२मध्ये ९५ कोटी डॉलरचे कर्ज काढले गेले, आणि कर्ज देणाऱ्यांत बँक ऑफ चायना होती. २०२०मध्ये यावरून गदारोळ उठला, तेव्हा बँकेने खुलासा केला की आपला वाटा आपण कर्ज दिल्यावर लवकरच विकून टाकला होता. म्हणजे चिनी सरकारी बँकेचे देणेकरी असल्याचा आरोप टिकला नाही. पण त्यातून दिसते ते हे की कर्ज ही विकाऊ वस्तू आहे आणि ते कोणाच्या हाती गेले हे ऋणकोला विचारून ठरत नाही.

प्रश्न : हितसंबंध आड येत असतील तर अमेरिकेत अधिकाऱ्याला त्या निर्णयातून बाजूला व्हावे लागते ना?
— एक वाचक, लातूर

अधिकाऱ्याला व्हावे लागते. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांना मात्र तसे बंधन घालणारा फौजदारी कायदा लागूच नाही. गोपनीय कागद हाताळणाऱ्या साध्या कारकुनालाही तेथे थकीत कर्जे आणि परदेशातील आर्थिक संबंध यांबद्दल सविस्तर फॉर्म भरावा लागतो, कारण कर्जात बुडालेल्या माणसावर दबाव आणणे सोपे असते असे यंत्रणा मानते. राष्ट्राध्यक्षाची अशी तपासणी होत नाही. त्याला मतदारांनी तपासले आहे असे गृहीत धरले जाते.

प्रश्न : फ्रान्समध्येही असे प्रकरण झाले होते ना?
— एक वाचक, मडगाव

झाले होते, आणि ते कर्ज विकले जाण्याच्या मुद्द्यावर अधिक बोलके आहे. अतिउजव्या नेत्या मारीन ल पेन यांच्या नॅशनल फ्रंट या पक्षाने २०१४मध्ये फर्स्ट चेक-रशियन बँकेकडून ९० लाख युरोंहून अधिक कर्ज घेतले. फ्रेंच बँका दारात उभे करत नाहीत, असे त्यांचे कारण होते, आणि ते पूर्ण खोटे नव्हते. २०१६मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेने त्या बँकेचा परवाना काढून घेतला. कर्जाचा दस्तऐवज मग हातोहात फिरत विमानांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका रशियन कंपनीकडे पोहोचला. एका फ्रेंच पक्षाने, जिचे नावही कधी ऐकले नसेल अशा रशियन कंपनीशी परतफेडीच्या हप्त्यांची बोलणी करावीत, हे दृश्य कोणत्याही आरोपापेक्षा अधिक सांगून जाते. हे कर्ज पक्षाचे होते. २०२२च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी ल पेन यांनी उमेदवार म्हणून घेतलेले सुमारे १ कोटी ६ लाख युरोंचे कर्ज हंगेरीतील बँकेचे होते. युरोपीय संघाबाहेरच्या बँकांकडून राजकीय कर्ज घेण्यास फ्रान्सने २०१७मध्ये बंदी केली. हंगेरी संघात असल्याने ती आड आली नाही. २०२२च्या निवडणुकीतील वादचर्चेत प्रतिस्पर्धी माक्राँ यांनी ल पेन यांना, रशियाबद्दल बोलताना तुम्ही आपल्या बँकरशी बोलत असता, असा टोला दिला होता.

प्रश्न : आमचे पूर्वज तंजावरच्या मराठा राज्याच्या आश्रयाला होते. अर्काटच्या नवाबाच्या कर्जामुळे तंजावर बुडाले असे घरात ऐकले आहे. ते खरे का?
— एक वाचक, चेन्नई

बुडाले असे म्हणणे जरा जास्त होईल, पण घरातली आठवण वाऱ्यावरची नाही. नवाब मुहम्मद अली वालाजाह मद्रासमध्ये चेपॉकच्या वाड्यात राहत असे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर त्याला खासगीत भारी व्याजाने पैसे देत असत. हे परदेशी सावकार दिवसा कंपनीच्या दप्तरात नवाबाविषयीचे निर्णय घेत आणि संध्याकाळी त्याच्याकडून व्याज वसूल करत. फेडीसाठी नवाब महसुलाचे परगणे लावून देई. १७७३मध्ये कंपनीच्या फौजेच्या जोरावर नवाबाने तंजावर घेतले, तुळजाजी राजे कैदेत गेले, आणि कावेरीकाठचे भाताचे पीक सावकारांच्या कर्जापोटी लावून देण्यात आले.

लंडनहून तंजावर राजाला परत करण्याचा हुकूम आला. लॉर्ड पिगट हे गव्हर्नर १७७६च्या एप्रिलमध्ये स्वतः तेथे गेले आणि तुळजाजींना गादीवर बसवले. तेव्हा पॉल बेनफील्ड नावाच्या, पगार जेमतेम असलेल्या कंपनीच्या नोकराने दोन लाख पौंडांहून अधिक रकमेचा दावा पुढे केला आणि उभे पीक आपले असल्याचे सांगितले. पिगट यांनी तो मानला नाही. (ते स्वतः धुतल्या तांदळासारखे होते असे नाही, पहिल्या कारकिर्दीत त्यांनीही बख्खळ पैसा केला होता.) त्यांच्या सल्लागार मंडळातील बहुमत मात्र बेनफील्डच्या बाजूला झुकले, आणि नवाबाला कर्ज दिलेल्यांत त्या मंडळातील लोकही होते. २४ ऑगस्ट १७७६ रोजी मंडळाने आपल्याच गव्हर्नरला अटक केली. पुढच्या मे महिन्यात पिगट कैदेतच वारले.

पुढे ही देणी ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली. पिट यांच्या सरकारने चौकशीविना ती मान्य केली, आणि एडमंड बर्क यांनी २८ फेब्रुवारी १७८५ रोजी केलेल्या प्रदीर्घ भाषणात, याच सावकारांनी सभागृहात सदस्य निवडून आणले आहेत, असा थेट आरोप केला. १८०१मध्ये नवाबाच्या मुलखाचा, म्हणजे तेव्हाच्या कर्नाटकचा, कारभार कंपनीकडे गेल्यावर उरलेल्या दाव्यांची छाननी झाली. सुमारे ३ कोटी पौंडांच्या दाव्यांपैकी दहावा हिस्साही खरा ठरला नाही.

प्रश्न : भारतात आमदार-खासदारांवरील परदेशी कर्ज मतदाराला कळू शकते का?
— एक वाचक, सोलापूर

निवडणुकीच्या वेळी कळू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांनंतर उमेदवाराला नमुना २६मध्ये शपथपत्र द्यावे लागते. त्यात बँकांची व वित्तसंस्थांची देणी नावानिशी आणि रकमेसह, शिवाय अन्य व्यक्ती व संस्थांची देणीही, स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या रकान्यांत लिहायची असतात. २०१९च्या लोकसभा निवडणुकीआधी केलेल्या दुरुस्तीने परदेशातील मालमत्ता आणि देणी यांचाही त्यात समावेश झाला. शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मात्र अमेरिकेतलीच फट येथेही आहे. उमेदवाराच्या कंपनीचे कर्ज त्या रकान्यांत आपोआप येत नाही. ते हवे तर कंपनीची कागदपत्रे वेगळी काढावी लागतात. परकीय अंशदान (नियमन) कायदा, २०१० हा उमेदवारांना आणि लोकप्रतिनिधींना परदेशी देणगी घेण्यास मनाई करतो, पण नेहमीच्या व्यवहारात घेतलेले कर्ज म्हणजे देणगी नव्हे.

निवडून आल्यानंतर पाच वर्षांत नवे कर्ज झाले तर ते मतदाराला पुढच्या शपथपत्रातच दिसणार. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. तिच्यात संचालकपद, मानधनाचे नियमित काम, कंपनीतील नियंत्रणयोग्य भागभांडवल, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक नेमणूक असे पाच विषय नोंदवायचे असतात. देणे हा त्यात विषय नाही, आणि लोकसभेत तर अशी नोंदवहीच नाही.