तुमचा प्रश्न, आमचं उत्तर : ढीगभर फोटो आणि एकच अ‍ॅक्शन

प्रश्न : फोटोशॉपमध्ये अ‍ॅक्शन रेकॉर्ड केली (म्हणजे एका फोटोवर केलेल्या कृती साठवून ठेवल्या), रुंदी १६०० पिक्सेल, कोपऱ्यात लोगो, बस एवढंच. मग चारशे फोटोंचं फोल्डर बॅचला, म्हणजे त्याच कृती सगळ्या फोटोंवर आपोआप चालवणाऱ्या सोयीला लावलं. तर दर फोटोला जेपीईजी क्वालिटीची खिडकी उघडते आणि ओके दाबत बसावं लागतं, वर उभे फोटो भलतेच मोठे झालेत आणि त्यातल्या काहींवर लोगो मधेच कुठेतरी. काय चुकतंय?

उत्तर : तुमची अ‍ॅक्शन त्या एका आडव्या फोटोसाठी बनलीये, बाकीच्यांसाठी नाही. अ‍ॅक्शनला डोकं नसतं, तुम्ही जे केलं ते ती आकड्यासकट लक्षात ठेवते आणि पुढच्या फोटोवर तेच करते, मग तो उभा असो की आडवा.

आधी ती खिडकी. सेव्ह अ‍ॅज रेकॉर्ड केलेलं नसलं की फोटोशॉप दर वेळी विचारणारच, क्वालिटी किती ठेवू म्हणून. तेव्हा रेकॉर्डिंग चालू असतानाच फोटो एकदा जेपीईजी म्हणून सेव्ह करा, क्वालिटी १० वगैरे द्या (बारापर्यंत जाते, पण वेबसाठी बाराची काही गरज नसते), मग फाइल बंद करा आणि रेकॉर्डिंग थांबवा. आता फाइल मेनूतल्या ऑटोमेटमधून बॅच उघडा, डेस्टिनेशनला (तयार फोटो कुठे ठेवायचे तिथे) फोल्डर निवडा आणि 'ओव्हरराइड अ‍ॅक्शन सेव्ह अ‍ॅज कमांड्स' वर टिक करा. म्हणजे क्वालिटी अ‍ॅक्शनमधली घेतली जाते, नाव आणि जागा मात्र बॅचमध्ये दिलेली. ही टिक लावायची राहिली तर सगळे फोटो तुम्ही रेकॉर्ड करताना निवडलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात आणि लोक नव्या फोल्डरात शोधत बसतात. पण तशीच 'ओपन कमांड्स'ची जी टिक आहे ना, तिला हात लावू नका, अ‍ॅक्शनमध्ये ओपनची स्टेप नसेल तर ती लावल्यावर फोल्डरमधली एकही फाइल उघडत नाही.

उभ्या फोटोंचं गणित सोपं आहे. ३:२ चा आडवा फोटो १६०० रुंद केला की उंची साधारण १०६७ येते, पण तोच फोटो उभा असला तर १६०० बाय २४००. म्हणून इमेज साइझ ऐवजी ऑटोमेटमधलंच फिट इमेज वापरा आणि दोन्ही खान्यांत १६०० टाका, मग लांब बाजू कुठलीही असो ती १६०० च्या पुढे जात नाही. 'डोन्ट एन्लार्ज' पण लावा, नाहीतर आधीच लहान असलेले फोटो ताणून फुगवले जातील.

लोगोचं म्हणाल तर तो तुम्ही माउसने ओढून ठेवला असणार, म्हणजे रेकॉर्ड झालं काय, तर अमुक पिक्सेल उजवीकडे, तमुक खाली. दुसऱ्या मापाच्या फोटोवर ती जागा मधेच येणार, नाहीतर फोटोच्या बाहेर. त्यापेक्षा लोगो आणल्यावर सिलेक्ट ऑल करा आणि अलाइनने उजवी कड, खालची कड धरा. आणि हे आकार कमी केल्यानंतर करा, आधी केलंत तर मूळ फोटो जेवढा मोठा तेवढा लोगो बारीक दिसेल.

एक मात्र कळकळीने सांगतो. डेस्टिनेशनला 'सेव्ह अँड क्लोज' ठेवलंत तर मूळ फाइलवरच सेव्ह होतं, मोठे फोटो गेले ते गेलेच. आणि पहिल्यांदा चारशे नका लावू, पाच-सहा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, त्यात उभे, आडवे, एखादा चौकोनी आणि एखादा पिटुकला असू दे. एररच्या जागी 'लॉग एरर्स टू फाइल' निवडा, नाहीतर चहा पिऊन आल्यावर कळतं की एका बिघडलेल्या फाइलवर सगळं अडून बसलंय.

प्रश्न : नुसते लहान करायचेत, तेवढ्यासाठी फोटोशॉप घ्यायचं का?

उत्तर : अजिबात नाही. विंडोजवर इरफानव्ह्यू टाका, उघडून बी दाबलं की बॅचची खिडकी येते, घरगुती वापराला फुकट आहे. मॅक किंवा लिनक्स असेल तर एक्सएनकन्व्हर्ट बघा. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची सवय असेल तर इमेजमॅजिक सगळ्यात भारी, फक्त त्यातलं मोग्रिफाय मूळ फाइलवरच लिहितं, दुसऱ्या फोल्डरचा पाथ दिला तर मूळ फाइल शाबूत राहते.

प्रश्न : एकाच कार्यक्रमाचे फोटो आहेत, एका अ‍ॅक्शनने सगळ्यांचे रंग सुधारले तर निम्मे पिवळेजर्द झाले. असं का?

उत्तर : कार्यक्रम एक असला तरी उजेड एक नव्हता. हॉलमधल्या दिव्यांखाली काढलेल्या फोटोतला पिवळेपणा घालवायला कर्व्ह (रंग आणि उजेड बदलायची रेषा) निळ्याकडे ओढला तर बाहेर उन्हात काढलेले फोटो निळे पडतात, आणि अ‍ॅक्शन उन्हातल्या फोटोवर बनवली असेल तर तुमच्यासारखं होतं. ऑटो कलर दर फोटोचं वेगळं गणित मांडतं खरं, पण लागोपाठच्या दोन फोटोंत चेहऱ्याचा रंग वेगळा येऊ शकतो, मला ते आवडत नाही. उजेडाप्रमाणे फोटोंचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला वेगळी अ‍ॅक्शन लावा. रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) असतील तर मग अ‍ॅक्शनच्या भानगडीत पडूच नका, लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये गटातल्या एका फोटोचा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा तोल) नीट करा, बाकीचे निवडून सिंक मारा, म्हणजे तोच बदल त्यांनाही लागतो. फ्लॅश मारलेले तेवढे वेगळे काढा, ते कुठल्याच गटात बसत नाहीत.