फुलवाल्याच्या दुकानातला क्लास: लावायचा की नुसता बघायचा?

श्रावण लागला की या सदरात फुलं घुसतातच. यंदा मात्र बऱ्याच जणींनी (आणि एका दादांनी, ते पुढे येतंय) घराजवळच्या फुलवाल्याकडे होणाऱ्या डेमोबद्दल आणि सणासुदीच्या डेकोरेशन क्लासबद्दल विचारलंय. ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, दुकानाच्या अर्ध्या भागात बुके आणि अर्ध्या भागात टेबल-खुर्च्या असा प्रकार हल्ली दिसतोच. तर या वेळी सगळं त्यावरच.

ताई, नौपाड्यात आमच्या बिल्डिंगजवळच्या फ्लोरिस्टने दर महिन्याला डेमो ठेवायला सुरुवात केलीय, बसून बघायचं, फी अगदी नाममात्र. आणि गणपतीच्या आधी हाताने करायचा तीन तासांचा क्लास आहे, त्याचे १८०० रुपये. नवरा म्हणतो यूट्यूबवर सगळं फुकट आहे, १८०० रुपयांत दादरहून पोतंभर फुलं येतील. काय करू? — नौपाडा, ठाणे

नवऱ्याचा हिशोब चुकीचा नाहीये हो, पण पोतंभर फुलं आणून पुढे करणार काय हा प्रश्न राहतोच ना. आधी डेमोला जा. डेमोत सगळे शेवटच्या अरेंजमेंटचे फोटो काढायला मोबाइल धरून बसतात आणि जे बघायचं ते निसटून जातं, कारण खरी गंमत पहिल्या दहा मिनिटांत असते, फूल हातात घ्यायच्याही आधी. भांड्यात खाली काय बसवतोय, ते हलू नये म्हणून काय करतोय, दांडी कुठे कापतोय, कुठली पानं सरळ खाली टाकून देतोय. व्हिडिओत नेमकं एवढंच उडवलेलं असतं नाहीतर फास्ट केलेलं असतं.

दुसरं म्हणजे व्हिडिओतली बाई पिओनीसारखी परदेशी फुलं घेऊन बसलेली असते आणि आपल्याला भाद्रपदात जांभळी नाक्यावर मिळणार शेवंती, अष्टर, निशिगंध, झेंडू, जरबेरा. दुकानातला माणूस त्या आठवड्यात त्याच्या बादलीत जे आहे तेच वापरतो, त्यामुळे तुम्ही जे बघाल ते दुसऱ्या दिवशी विकत मिळतं. आधी हिरवी पानं लावून आकार करायचा, मग मोठी फुलं, मग जिप्सीसारखी (ती बारीक पांढरी फुलं) भरणीची, आणि एकूण उंची भांड्याच्या साधारण दीडपट, हे सगळं डेमोतच कळतं, त्याला १८०० रुपये लागत नाहीत.

क्लास लावायचा तो हाताला सवय व्हावी म्हणून. पैसे भरायच्या आधी विचारून घ्या, फुलं आणि भांडं फीमध्ये आहे का, केलेलं घरी नेता येतं का, एका टेबलाला किती जणी, कात्री आपली की त्यांची. आणि माझा लाडका प्रश्न, "फुलांना पाणी कुठून मिळणार?" त्यावर "वरून स्प्रे मारत राहायचा" एवढंच उत्तर आलं तर खुशाल नवऱ्याचं ऐका.

अजून एक, गणपतीच्या तोंडावर फुलं महाग म्हणून क्लासही महाग. पितृपक्षात शुभकार्यं नसतात, मागणी पडते, बाजारात भाव उतरतात. तेव्हा एखादी बॅच असेल तर ती धरा, नवरात्राच्या आधी हात बसतो आणि फुलं वाया गेली तरी जीव हळहळत नाही.

आमच्या सीवूड्सच्या क्लासमध्ये मखरासाठी सगळं त्या हिरव्या फोमवर शिकवलं. घरी केलं तर फोमचा भुगा पूजेच्या ताटात, समईत, सगळीकडे, सासूबाई वैतागल्या. वर भाचा म्हणाला की हे प्लॅस्टिक आहे. मग शिकवतात कशाला? दुसरं काय वापरायचं? — सीवूड्स, नवी मुंबई

भाचा बरोबर बोलतोय. तो हिरवा ठोकळा, ज्याला दुकानात ओएसिस म्हणतात, तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा फोम असतो. १९५४ मध्ये अमेरिकेत स्मिदर्स नावाच्या माणसाने फुलांसाठी तो आणला आणि फ्लोरिस्टांचं काम एकदम सोपं झालं, कारण पाणी धरतो आणि दांडी जिथे खुपसाल तिथेच राहते. शिकवतात ते याच्यासाठी, नवशिक्याचं काम तासाभरात उभं राहतं आणि फोटो छान येतो. पण तो कुजत नाही, नुसता बारीक बारीक होत जातो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या फ्लॉवर शोमधून तो बाहेर काढलाय. आपल्याकडे २०१८ पासून बंदी आहे ती थर्माकोलच्या सजावटीवर, हा फोम थर्माकोल नाही, वेगळ्या जातीचं प्लॅस्टिक आहे, पण मखर थर्माकोलचं नको म्हणून पुठ्ठ्याचं केलं आणि आत चार ठोकळे ओएसिस भरले तर त्याला काय अर्थ आहे?

आणि एक अगदी कळकळीने सांगते, हा फोम निर्माल्यात टाकू नका. निर्माल्याचं पुढे खत करतात, त्यात हा भुगा गेला की मातीतच राहिला. घरात पडून असलेला संपवायचाच असेल तर बादलीत पाण्यावर ठेवून द्या, आपोआप बुडू दे, वरून दाबू नका, दाबला की आत हवा अडकून मधला भाग कोरडा राहतो आणि नेमकी तिथली फुलं माना टाकतात. सुका असताना कापू नका, धूळ नाकाडोळ्यांत जाते.

आता दुसरं काय, तर केळीचा खुंट. आपल्या आज्यांना हे कोणी क्लासमध्ये शिकवलं नव्हतं. गणपतीच्या दिवसांत बाजारात पूजेसाठी केळीचे खांब येतातच, त्याचा सहा-आठ इंचांचा तुकडा घ्यायचा, परातीत आडवा ठेवायचा, खाली लोळू नये म्हणून एक बाजू थोडी सपाट तासायची, स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडायची आणि दांड्या खोचायच्या. आत पाणी असतंच. शेवंती, अष्टर, झेंडू यावर मस्त राहतात, जरबेराची दांडी मऊ असते म्हणून त्याला आधी भोक नीट मोठं करून द्या. दीड दिवसाच्या गणपतीला तर काही बघायलाच नको, पाच दिवसांचा असेल तर मधे एकदा खुंट बदला नाहीतर वास सुटतो. आणि कापताना जुना गाउन घाला, केळीच्या चिकाचा डाग जन्मात जात नाही. काम झालं की बारीक चिरून ओल्या कचऱ्यात.

उभं मोठं भांडं असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी, तिचा सैलसर गोळा करून भांड्यात बसवायचा, वरून पाणी. वर्षानुवर्षं टिकते. पसरट भांड्याला पिन होल्डर, जपानी इकेबानावाले वापरतात तो, खाली जड आणि वर पितळी खिळे. एकदाच खर्च. तुमच्या क्लासवाल्या बाईंना पुढच्या वेळी स्पष्ट विचारा की फोमशिवाय शिकवाल का. ज्यांना खरंच येतं ते शिकवतात, उगाच का कू करत नाहीत.

क्लासमध्ये केलेली फुलं शिकवणाऱ्यांची चार दिवस टिकतात आणि माझी दुसऱ्या दिवशीच तेरड्यासारखी होतात. फुलं कल्याणच्या फुलमंडईतून ताजीच आणते. त्या काही औषध घालतात का? — मानपाडा, घोडबंदर रोड

तेरड्याचा रंग तीन दिवस तरी म्हणतात, तुमचं तर एकाच दिवसात आटोपतंय. औषधाचा भाग थोडा आहेच, दुकानात फ्लॉवर फूडची पुडी असते, साखर, थोडं आम्ल आणि जंतू वाढू नयेत म्हणून काहीतरी, पण मूळ फरक पुडीचा नसतो. तुम्ही फुलं मंडईतून आणता आणि लगेच सजवायला घेता, बरोबर? दुकानदार तसं करत नाही. तो आणलेल्या जुड्या सोडतो, दांड्या तिरक्या कापतो, पाण्यात बुडतील ती सगळी पानं ओरबाडून काढतो आणि फुलं काही तास बादलीत सावलीत ठेवून देतो. तिथे ती पोटभर पाणी पितात. मग पुढचं.

गुलाबाने मान टाकली असेल तर दांडीत हवा अडकलेली असते, कागदात गुंडाळा म्हणजे मान सरळ राहील, दांडीचं टोक पाण्याखाली धरून इंचभर कापा आणि कोमट पाण्यात तासभर ठेवा, बहुतेकदा उठतो. जरबेराला उलट, पाणी कमी, तीन-चार इंच पुरे, जास्त पाण्यात दांडी कुजते. निशिगंध खालून वर उमलत जातो, खालची सुकलेली फुलं खुडत राहिलं की वरच्या कळ्या उघडतात. ऑर्किड आणि अँथुरियम फ्रिजमध्ये ठेवू नका, ती गरम हवेतली फुलं, थंडीने काळपट होतात.

आणि तुमच्या घरी नैवेद्याची पिकली केळी, सफरचंद, चिकू अगदी फुलांना चिकटून ठेवलेले असणार, पैज लावते. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि कार्नेशन, ऑर्किडसारखी फुलं त्याने झटपट कोमेजतात. फळांचं ताट जरा लांब सरकवा. समईची धग आणि सीलिंग फॅनचा थेट वारा, हे दोन आणखी शत्रू.

मी पुरुष आहे, वय ५८, नुकताच रिटायर झालोय. क्लासला गेलो तर बायका हसतील का? — कळवा

दादरच्या मीनाताई ठाकरे फुलमंडईत पहाटे एक चक्कर मारा आणि हार, तोरणं, गजरे कोण करतंय ते बघा. निम्मे हात पुरुषांचेच दिसतील. जा बिनधास्त, फक्त पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यांना सल्ला देऊ नका.

ऐरोलीत माझं छोटं फुलांचं दुकान आहे, बुके आणि हार. मागे एक रिकामा गाळा मिळालाय तिथे डेमो आणि क्लास सुरू करावे म्हणते. कधी ठेवू, काय शिकवू? — ऐरोली

ताई, तुमचा धंदाच सणांवर आहे त्यामुळे सणाच्या आदल्या दिवशी क्लास हा विचारच सोडा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही झेंडूच्या पोत्यांत बुडालेल्या असणार, शिकवणार कुठून? सणाच्या आठ-दहा दिवस आधी ठेवा, शिकणाऱ्यांना घरी एकदा करून बघायला वेळ मिळतो आणि मग ती फुलं घ्यायला त्या तुमच्याकडेच येतात. मार्गशीर्षात बुधवार टाळा, गुरुवारच्या महालक्ष्मीच्या पूजेची खरेदी त्याच संध्याकाळी असते, वेण्या आणि पाच प्रकारची पानं बांधता बांधता तुमचीच दमछाक होईल.

काय शिकवायचं तर मोठमोठ्या स्टेज डेकोरेशनच्या मागे लागू नका. लोकांना घरातल्या गोष्टी हव्या असतात. श्रावणात मंगळागौरीची पत्री आणि फुलं मांडणं, गौरींच्या मागची पानांची भिंत, दसऱ्याला आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण (हे सोपं वाटतं, पण सुई देठाच्या हिरव्या गाठीतून न घालता पाकळ्यांतून घातली की फूल सुटतं, हे अर्ध्या जणींना माहीत नसतं), दिवाळीला उरळीतली (पसरट पितळी भांड्यातली) तरंगती फुलं आणि पाकळ्यांची रांगोळी, पाडव्याला गुढीचा हार. नवी मुंबईत डिसेंबरात ख्रिसमसच्या रीथचीही (दारावर लावायच्या गोल चक्राची) मागणी असते, परदेशी फरच्या फांद्या शोधत बसू नका, मोरपंखी आणि सुरूच्या फांद्यांवर उत्तम होतं, रिंग मधुमालतीच्या वेलीची वळून घ्यायची.

डेमो आणि क्लास वेगळे ठेवा. डेमो पाऊण तास, बसून, चहा द्या, शेवटी केलेली अरेंजमेंट चिठ्ठी काढून एकीला देऊन टाका, लोक पुढच्या वेळी मैत्रिणीला घेऊन येतात. क्लासला दहाच्या वर बाई घेऊ नका, कात्री प्रत्येकीला वेगळी हवी, आणि ॲडव्हान्स आधी घ्या नाहीतर पाऊस पडला की निम्म्या येत नाहीत आणि फुलं तुमच्या गळ्यात. गाळ्यात पाणी जायला मोरी आहे का ते आधी बघा, हे सगळ्यात शेवटी आठवतं. ओला कचरा खूप निघतो, सोसायटीवाल्यांशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

क्लासमध्ये लिलीचा बुके शिकवणार आहेत आणि तो घरी आणायचाय, पण आमच्याकडे मांजर आहे. एका मैत्रिणीने घाबरवलंय. खरं आहे का? — खारघर

खरं आहे, आणणं टाळाच. खऱ्या लिली, म्हणजे एशियाटिक, ओरिएंटल वगैरे दुकानात मिळतात त्या, मांजरांना फार विषारी असतात. पान, पाकळी, अंगावर पडलेले आणि चाटलेले परागकण, इतकंच काय फुलदाणीतलं पाणी, कशानेही मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चुकून तोंड लावलंच तर लक्षणांची वाट बघू नका, लगेच व्हेटकडे. शेवंतीनेही मांजरांना उलट्या होतात, ती पण लांब ठेवा. गुलाब, जरबेरा, ऑर्किड चालतात. क्लासवाल्यांना आधी फोन करून लिलीऐवजी जरबेरा द्या म्हणून सांगा, ते नाही म्हणणार नाहीत, त्यांना तो स्वस्तच पडतो.