मामांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर मिळालाय, डावीकडून आवाजच नाही आणि उजवीकडे आवाज येतो पण खरखर फार. घरच्या घरी दुरुस्त करायला शिकता येईल का?

येईल की. डावी बाजू मेलेली आणि उजवी खरखरत का होईना वाजणारी, म्हणजे तुमचं नशीब बरंच चांगलं आहे. का ते पुढे सांगतो. आज एवढंच करा, की तो परत प्लगमध्ये घालून ‘बघू तरी चालतोय का’ हा प्रयोग करू नका. मी केला होता. माळ्यावर वीसेक वर्षं पडलेला अँप्लिफायर खाली काढला, फडकं मारलं आणि बटण दाबलं. तीनेक सेकंद आवाज आला, मग नुसता वास. त्या वासातून माझा छंद सुरू झाला म्हणा.

मी इंजिनिअर नाही, नोकरी वेगळ्याच खात्यात. रविवारी दुपारी घरचे झोपले की मी सोल्डरिंग आयर्न गरम करतो. तेव्हा पुढचं सगळं हौशी माणसाचं ज्ञान आहे असं धरून वाचा.

तुम्ही कंपनी लिहिलेली नाही. कॉस्मिक, कोलकात्याची सोनोडाइन, आपल्या पुण्याची नॉर्ज असं काही असेल तर तो २३० व्होल्टचाच असणार. कुणी परदेशातून आणलेला असेल तर आधी मागची पट्टी वाचा. जपानच्या घरगुती बाजारातले १०० व्होल्टचे असतात, अमेरिकेतले १२० चे. असा सेट थेट आपल्या प्लगला लावला तर ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तसाच दुसरा मिळवणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट.

आता वायर काढलेली ठेवून झाकण उघडा. मेलेलं झुरळ, पालीची अंडी, धूळ हे सगळं निघेल, ते मऊ ब्रशने काढा. मोठ्या, डबीसारख्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून त्याच्या दोन टोकांना १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर अर्धा मिनिट लावून ठेवा आणि मल्टिमीटरवर (व्होल्ट, ओहम मोजायचा मीटर) शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नका. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे शूर लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

मग नुसतं बघत बसा, अर्धा तास. काय बघायचं? आधीच्या मेकॅनिकची करामत. माझा अनुभव असा की जुन्या अँप्लिफायरमधला निम्मा बिघाड वयाचा नसतोच, तो आधी झालेल्या दुरुस्तीचा असतो. कंपनीचे सोल्डरचे डाग सारखे, छोटे असतात. नंतरचे फुगलेले, भोवती काळपट राळ. एखादा पार्ट बोर्डाच्या खालच्या बाजूने टाचलेला दिसतो. फ्यूजला तांब्याची तार गुंडाळलेली तर हमखास. जिथे जिथे असा हात पडलाय तिथे फोटो काढा आणि मार्करने खूण करा. तुमचा तपास तिथूनच सुरू होणार आहे.

वीज द्यायची ती सिरीज बोर्डवरूनच. म्हणजे फेजच्या वायरमध्ये ६० किंवा १०० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी चालत नाही, आणि जुना बल्ब हल्ली शोधावा लागतो. अँप्लिफायर सुरू केला की बल्ब क्षणभर पेटतो (कपॅसिटर भरतात) आणि मग मंद होतो. मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. पण तो प्रवाह बल्बने अडवलाय, तुमचे ट्रान्झिस्टर (आवाज वाढवणारे तीन पायांचे पार्ट) जळालेले नाहीत. मला विचाराल तर मीटरच्याही आधी हा बोर्ड बनवा.

आता ते नशिबाचं. स्टिरिओ म्हणजे एकाच सर्किटच्या दोन प्रती. सर्किट डायग्राम मिळत नाही म्हणून लोक हातपाय गाळतात, पण तुमची उजवी बाजू वाजते आहे ना, मग डायग्राम डब्यातच आहे. उजवीकडच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवरचे व्होल्ट मोजा, कागदावर मांडा आणि तेच डावीकडे मोजा. जिथे आकडे फुटतात त्याच्या आसपास चोर. दोन्ही बाजू मेलेल्या असत्या तर ताडून बघायला काहीच उरलं नसतं, हे लक्षात घ्या.

पुण्याच्या जुन्या बाजारातून मी एक देशी सेट ७०० रुपयांना आणला होता, त्याचं सांगतो. तुमच्यासारखंच, डावी बाजू बंद. आतली रचना आपल्याकडच्या त्या काळच्या कित्येक सेटमध्ये सापडते तशी: पुढे बीसी१४८, मग एसएल१०० आणि एसके१०० ही जोडी, आणि शेवटी हीट सिंकवर (उष्णता ओढून घेणारा धातूचा पत्रा) दोन २एन३०५५ हे पॉवर ट्रान्झिस्टर, दोन्ही एकाच जातीचे, एनपीएन. सप्लाय एकच, ४८ व्होल्टचा, आणि स्पीकरच्या आधी एक मोठा कपॅसिटर. अशा सर्किटमध्ये दोन पॉवर ट्रान्झिस्टर जिथे जुळतात त्या मध्यबिंदूवर सप्लायच्या निम्मे व्होल्ट हवेत. उजवीकडे २४ होते, डावीकडे ४७. म्हणजे वरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट.

नवा आणला, बसवला, बल्ब लख्ख. काढला, तपासला, ट्रान्झिस्टर ठणठणीत. परत बसवला, परत लख्ख. दोन रविवार गेले. शेवटी मीटर हीट सिंकला लावल्यावर कळलं. २एन३०५५ चं धातूचं अंगच कलेक्टर, म्हणजे तीन टोकांपैकी एक, असतं, म्हणून त्याच्या आणि हीट सिंकच्या मध्ये अभ्रकाचा पातळ पापुद्रा घालतात. स्क्रू आवळताना धातूचा एक कण त्यातून आरपार गेला होता आणि सगळा सप्लाय थेट ग्राउंडला. हा मात्र आधीच्या मेकॅनिकचा नाही, अस्मादिकांचा पराक्रम. तेव्हापासून बसवल्यावर वीज द्यायच्या आधी अंग आणि हीट सिंक यांच्यात मीटर लावतोच.

अभ्रक बदलला, बल्ब मंद झाला, आवाज आला. पण मध्यबिंदूवर २४ ऐवजी २९. वाजत तर होतं, मग सोडून द्यायचं? आवाज वाढवला की डावी बाजू फाटायची, कारण लाटेला वरच्या अंगाला जागाच कमी उरत होती. मग खुणांकडे परत आलो. पहिल्या ट्रान्झिस्टरपाशी एक फुगलेला डाग होता. तिथे उजवीकडे तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे १०० किलोओहम, आणि डावीकडे निळा-राखाडी-नारिंगी, ६८ किलोओहम. कुणीतरी कधीतरी हाताला लागला तो रेझिस्टर बसवून दिला होता. रेझिस्टर बदलला आणि काटा २४ वर.

तुमच्या सेटला प्लस-मायनस असे दोन सप्लाय असतील तर स्पीकरच्या टोकावर शून्याच्या जवळ हवं. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त राहा; कित्येक व्होल्ट दिसले तर स्पीकर लावू नका, कॉइल जळेल. एरवीही चाचणीला भंगारातला स्पीकरच वापरायचा.

मग बायस, म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा प्रवाह. पॉवर ट्रान्झिस्टरच्या एमिटर या टोकाला छोट्या ओहमचे जाडे रेझिस्टर असतात. ०.४७ ओहमवर १० मिलिव्होल्ट मोजले तर साधारण २१ मिलिअँपिअर प्रवाह वाहतोय असा हिशोब. सेट नीट गरम होऊ द्या आणि दोन्ही बाजू सारख्या करा. तो प्रवाह कमीजास्त करणारा बोर्डावरचा छोटा स्क्रू म्हणजे प्रीसेट. जुना प्रीसेट फिरवायच्या आधी त्याची मूळ जागा पेन्सिलने आखून ठेवा आणि अगदी हळू फिरवा. काही सर्किटमध्ये त्याचा संपर्क तुटला की प्रवाह एकदम वाढतो आणि ट्रान्झिस्टर जातात.

कपॅसिटरबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. आल्या आल्या सगळे बदलून टाकायचे हा आता रिवाज झालाय. मी फुगलेले, गळलेले आणि मोजून कमी भरणारे तेवढेच बदलतो, तेही एका वेळी दोन-तीन, आणि प्रत्येक वेळी सिरीज बोर्डवर तपासून. चाळीस कपॅसिटर एका बैठकीत बदलले आणि एक उलटा बसला तर शोधत बसा. बदलताना व्होल्टेज मूळचं किंवा वरचं घ्या, कमी नको. स्पीकरच्या वाटेतला तो मोठा कपॅसिटर सुकला असेल तर तबला पातळ ऐकू येतो, तो मात्र बदला.

तुमची उजवीकडची खरखर बहुधा व्हॉल्यूमच्या पॉटची (बटणामागचा फिरता रेझिस्टर) असेल. बटण फिरवताना वाढते का बघा. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत थोडासा मारा आणि बटण वीसतीस वेळा इकडून तिकडे फिरवा. खोबरेल तेल, रॉकेल असले घरगुती उपाय नकोत. चार दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ बसते. न फिरवताही खरखर येत असेल तर एखादा पार्ट किंवा सुटलेला डाग. सुक्या लाकडी काडीने एकेक पार्ट हलकेच ढोसून बघा.

सामानासाठी पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. २एन३०५५ घेताना जपून. बनावट भरपूर आहेत. वजनाला हलके लागतात, छपाई बोटाने पुसली जाते. दोन जास्तीचे घ्या आणि एकाचं टोपण करवतीने कापून बघा. खऱ्यात सिलिकॉनचा तुकडा ऐसपैस असतो, खोट्यात तिळाएवढा. मी कापले तेव्हा दुकानदाराला फोटो दाखवला. तो म्हणाला, ‘‘कापण्यासाठी थोडाच विकलाय?’’

या रविवारी वीज न देता फक्त झाकण उघडा. पॉवर ट्रान्झिस्टरवरचे नंबर आणि फुगलेले डाग कुठे आहेत ते इथे लिहा. डाव्या-उजव्या बाजूचे नंबर वेगळे निघाले तर ते आधी सांगा.