रोजच्या धावपळीत तब्येत आणि घरातील नाती दोन्ही सांभाळण्यासाठी कोणते साधे बदल करावेत?

आपण लिहिले आहे की पती-पत्नी दोघेही नोकरी करता, हिंजवडीहून घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ-नऊ वाजतात, वजन बेताचे असूनही आपली साखर मधुमेहाच्या सीमेवर आली आहे आणि आई, पत्नी व आठ वर्षांची मुलगी अशा चौघांच्या घरात क्षुल्लक कारणांवरून खटके उडत असतात. मी बरीच वर्षे आहारसल्ला देण्याचे काम करते आणि त्या अनुभवावरून सांगते, की सध्या दहा गोष्टी बदलायला न जाता आपण फक्त रात्रीच्या जेवणाकडे लक्ष द्यावे. ते शक्य तितके लवकर व्हावे, घरातील सर्वांनी एकाच वेळी बसून करावे आणि त्यानंतर थोडे चालावे. आपल्या दोन्ही तक्रारींचा बराचसा भाग याच तासा-दीड तासात दडलेला असावा, असे मला आपले पत्र वाचताना जाणवले.

वजन फारसे नसताना साखर कशी वाढली, या आपल्या शंकेचे उत्तर पुण्यातच मिळते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात ते २१.२ टक्के होते. आपल्याकडील अनेक माणसे दिसायला सडपातळ असतात, पण त्यांच्या पोटाभोवती चरबी साठलेली असते, आणि साखरेचा त्रास तिथूनच सुरू होतो. त्यामुळे वजनकाट्यावर विसंबून न राहता कमरेला टेप लावून पाहावी. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असलेला बरा.

संध्याकाळनंतर शरीराची साखर हाताळण्याची क्षमता कमी होत जाते, म्हणून तेच ताट रात्री दहाला घेतले तर सातला घेतल्यापेक्षा साखर अधिक चढते. आपल्याला सातला घरी पोहोचणे शक्य नाही, हे मी जाणते. अशा वेळी सहाच्या सुमारास कार्यालयातच मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा घरून नेलेली मोड आलेल्या मटकीची उसळ खावी. म्हणजे घरी आल्यावर भुकेने जीव कासावीस होत नाही, चार पोळ्यांच्या जागी दोन पुरतात, आणि दारातून आत येताच होणारी चिडचिडही कमी होते, कारण तिच्यामागे बऱ्याचदा निव्वळ भूक असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभराच्या उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. आपल्या ताटात पोळी, भात आणि बटाट्याची भाजी एकत्र आली, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा घट्ट वरण खावे, भात शेवटी आणि थोडा घ्यावा. मीठ दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. त्यात लोणचे, पापड आणि फरसाणही धरायचे असते.

सर्वांनी एकाच वेळी बसण्याचा माझा आग्रह मात्र मी सविस्तर सांगते, कारण ही गोष्ट सुशिक्षित घरांतही होताना दिसत नाही. तिघे जण ताटावर बसलेले असतात आणि घरातील एक स्त्री तव्यापाशी उभी असते. पोळी फुगते, तिच्यावर तूप फिरते, ती गरम गरम ताटात पडते, 'अजून अर्धी घ्या' असा आग्रह होतो आणि पुढची पोळी लाटायला घेतली जाते. ती स्वतः बसते तेव्हा आमटी निवलेली असते, उसळ तळाशी जाऊन तिच्यात रसाच राहिलेला असतो आणि बाकीचे हात धुऊन दिवाणखान्यात गेलेले असतात. दिवसभर बाहेर काम करून आलेल्या बाईने रोज एकटीने उरलेसुरले खायचे, यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण मनात साठत जाते. ते मग मुलीच्या गृहपाठावरून किंवा ओल्या टॉवेलवरून बाहेर पडते आणि नवऱ्याला वाटते, एवढ्याशा गोष्टीवरून ही का चिडली! तब्येतीचे नुकसान वेगळेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, परंतु डाळ, उसळ आणि पालेभाजी जिच्या वाट्याला सर्वांत शेवटी येते, तिला लोह कमी मिळणार हे उघड आहे.

यावरचा उपाय अगदी सोपा आहे. पोळ्या आधी करून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात, सगळी भांडी मधोमध मांडावीत आणि ज्याने त्याने आपले वाढून घ्यावे. पोळ्या लाटणे आणि भाजणे दोघांत वाटून घेतले तर आणखी चांगले. डब्यातली पोळी नको, तव्यावरचीच हवी, असे आई म्हणण्याची शक्यता आहे. तेव्हा हा विषय आपण स्वतः आईशी बोलावा, तो पत्नीवर सोपवू नये. सुनेने हेच सांगितले तर ती तक्रार ठरते, मुलाने सांगितले तर तो घराचा निर्णय होतो. पत्नीच्या ताटात लिंबाची फोड असावी आणि जेवणाला लागून कोणी चहा घेऊ नये, कारण लिंबामुळे लोह अधिक शोषले जाते आणि चहामुळे कमी.

जेवताना टीव्ही बंद आणि सर्वांचे फोन दुसऱ्या खोलीत असावेत. हा नियम आधी मोठ्यांनी पाळावा, म्हणजे मुलीला वेगळे सांगावे लागत नाही. परीक्षेतील गुण, कर्जाचा हप्ता आणि नातेवाइकांच्या कागाळ्या ताटावर काढू नयेत. मुलीला 'अभ्यास झाला का' असे विचारण्यापेक्षा 'आज डबा कोणाबरोबर खाल्लास' असे विचारून पाहावे. ती बराच वेळ बोलत राहील, आणि आजीलाही त्या गप्पांत भाग घेता येईल.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे पती-पत्नींनी सोसायटीच्या आवारात चालावे. चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतरची चढण कमी होते. शिवाय समोरासमोर बसून निघणारा वादाचा विषय बरोबरीने चालताना पुष्कळदा शांतपणे बोलता येतो, हे मी सल्ल्यासाठी येणाऱ्या जोडप्यांकडून वारंवार ऐकले आहे. बोलताना 'तू नेहमी असेच करतेस' असे न म्हणता आज काय घडले आणि आपल्याला काय हवे होते, एवढेच सांगावे. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ पासून चालवलेल्या दीर्घ अभ्यासात असे दिसले, की पन्नाशीत जे आपल्या नात्यांमध्ये समाधानी होते, तेच ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी होते, आणि या बाबतीत कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून अधिक नेमका अंदाज बांधता आला. म्हणून तब्येतीसाठी चालणे आणि नात्यासाठी बोलणे यांना वेगवेगळा वेळ काढण्याची गरज मला वाटत नाही.

कामाच्या पाळीमुळे एखाद्याला उशीर होणारच असेल, तर बाकीच्यांनी उपाशी थांबू नये. विशेषतः पत्नीने वाट पाहत बसण्याची पद्धत बंदच करावी. त्या दिवसापुरता सकाळचा चहा-नाश्ता सर्वांनी मिळून घ्यावा.

हे सर्व सुरू करण्यापूर्वी आपण डॉक्टरांच्या सल्ल्याने एचबीएवनसी ही रक्तातील साखरेची तपासणी करून घ्यावी. ५.७ ते ६.४ टक्के ही सीमारेषा मानली जाते, आणि ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवत असल्याने ती तीन महिन्यांनी पुन्हा करावी. आपण रक्त द्यायला जाल त्याच दिवशी पत्नीलाही बरोबर न्यावे आणि तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.