आकड्यांत बाप शोधताना

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि बापांवरच्या तुझ्या अभ्यासाचं सोबतचं टिपण, दोन्ही काल रात्री वाचलं. तुझ्या बायकोला सातवा महिना लागला हे वाचून फार आनंद झाला. तिला माझे आशीर्वाद सांग. टिपणाचं पहिलंच वाक्य तू असं लिहिलं आहेस: ‘भारतीय बाप मुलांसाठी दिवसाला ७४ मिनिटं देतो.’ मला बोलायचं आहे ते या वाक्याबद्दल.

७४ हा आकडा खरा आहे. माणसं दिवसभरात कशाला किती वेळ देतात हे विचारणाऱ्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या पुरुषांनी घरच्यांची काळजी घेण्यात घालवलेला हा सरासरी वेळ. बायकांचा १४० मिनिटं. पण ज्यांनी त्या दिवशी असं काही काम केलं, त्यांच्यापुरतीच ही सरासरी आहे. असे पुरुष शंभरात २१.४ होते आणि बायका ४१. उरलेल्यांचं शून्य धरून गुणाकार कर. पुरुषाच्या वाट्याला जेमतेम १६ मिनिटं येतात, बाईच्या ५७. वर वर दुपटीचं दिसणारं अंतर साडेतीन पटींच्या पुढे गेलं.

आणि हे १६ सुद्धा बापाचे नव्हेत. त्यात बारावीचा मुलगा आहे, लग्न न झालेला काका आहे, अंथरुणाला खिळलेल्या आईचं करणारा पन्नाशीचा मुलगाही आहे. काळजी म्हणजे फक्त लेकरांची नाही. मग तू म्हणशील, लहान मूल असलेल्या घरातले पुरुष वेगळे काढतो. काढ, पण एक अडचण लगेच समोर येईल. सर्वेक्षणातल्या घरच्या माणसांच्या यादीत प्रत्येकाचं नातं कुटुंबप्रमुखाशी लिहिलेलं असतं. एकत्र कुटुंबात आजोबा प्रमुख असले की तीन वर्षांची पोर ‘नात’ होते आणि दोन्ही भाऊ ‘विवाहित मुलगा’. पोर कुणाची? कागद सांगत नाही. म्हणजे आपल्याकडच्या भरल्या घरांतच बाप सापडेनासा होतो. तुझं विश्लेषण मग आपोआप नवरा-बायको-मूल अशा चौकोनी घरांकडे झुकेल. तसं झालं तर ते स्पष्ट लिही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अठरा वर्षांखालच्या मुलांबाबत आई-वडील हयात आहेत का, याच घरात राहतात का, हे विचारतात. तिथे वाट थोडी मोकळी आहे. तरी एक ध्यानात ठेव: २०१९-२१ च्या फेरीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि १,०१,८३९ पुरुषांच्या. सात बायकांमागे एक पुरुष. प्रजनन दर आईवरून मोजतात, मुलांचा जन्मक्रम आईला विचारतात. जन्मनोंदणीचा जो फॉर्म मी वर्षानुवर्षं हाताळला, त्यात आईचं लग्नाच्या वेळचं वय होतं, बाळंतपणाच्या वेळचं वय होतं. बापाचं शिक्षण आणि व्यवसाय होता, वय नव्हतं. आपल्या नावाच्या मधोमध आयुष्यभर बापाचं नाव असतं. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात बापाच्या नावाआधी आईचं नाव येतं, ते चांगलंच झालं.) पण तो माणूस कितव्या वर्षी बाप झाला, हे आपण विचारलंच नाही.

माझे वडील गिरणीत होते. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी, ते मुंबईत. गणपती, शिमगा आणि जमलं तर मे महिन्यात चार दिवस. एरवी ते मला माहीत होते मनीऑर्डरच्या कोऱ्या जागेतल्या तीन-चार ओळींवरून. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. वडील खानावळीत जेवत, म्हणून आमच्या चुलीत ते नव्हते. पुढे या आकड्यांच्या कामात आल्यावर पहिल्यांदा जनगणनेचा जिल्हावार तक्ता हातात घेतला तेव्हा मी आमच्या जिल्ह्याची ओळ शोधली. रत्नागिरीत २००१ मध्ये हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये १,१२२. मुंबई शहर जिल्ह्यात २०११ ला ८३२. बहुतेक जण दोन्ही आकडे वेगवेगळ्या पानांवर वाचतात. तू ते शेजारी ठेवून वाच. एका बाजूला बापाविना चाललेली घरं आहेत, दुसऱ्या बाजूला घराविना राहणारे बाप. आणि त्यांच्या मिनिटांचा हिशेब कुठल्याही वेळ-वापराच्या तक्त्यात लेकरांच्या नावे पडणार नाही. माझ्या वडिलांच्या बारा तासांच्या कष्टाला तिथे ‘रोजगार’ म्हटलं असतं. ते चूक नाही, पण ते पुरेसंही नाही.

यावरून पुरुषांची बाजू सावरायला मी बसले आहे असं समजू नकोस. नसबंदीचा तक्ता उघड: कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच २०१९-२१ च्या फेरीत विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३. बाईचं ऑपरेशन पोटातलं आणि जोखमीचं, पुरुषाचं त्याहून कितीतरी सोपं. तरी पस्तीस टक्के पुरुषांनी मुलाखतीत सांगितलं की गर्भनिरोधन हा बायकांचा विषय आहे. हे वाचून मला आजही राग येतो. पण कारण शोधताना रागावर थांबायचं नसतं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी झाल्या, त्यातले बहुसंख्य पुरुष होते, आणि कित्येकांवर जबरदस्ती झाली होती. त्यानंतर सरकारी यंत्रणेने पुरुषाकडे जाणंच जवळपास सोडलं. नर्सबाई आणि आशाताई घरात येतात त्या सुनेला भेटायला. नवरा अंगणात असला तरी त्याला कुणी काही विचारत नाही. म्हणून ०.३ मध्ये पुरुषाची टाळाटाळ किती आणि त्याला टाळणारी यंत्रणा किती, हा तुझ्या अभ्यासाचा खरा प्रश्न होऊ शकतो.

एका सर्वेक्षणात मी सुपरवायझर होते. संध्याकाळी एका घरी माहिती घेणाऱ्या आमच्या टीममधल्या मुलीने पुरुषाला विचारलं, आठ ते साडेआठ काय केलंत? तो म्हणाला, ‘काही नाही, बसलो होतो.’ आतून बायको म्हणाली, ‘बसला होतात कुठे? छोटीला ताप होता, मांडीवर घेऊन थोपटत होतात.’ तो ओशाळला. आमच्या मुलीने ‘विश्रांती’ खोडून मूल सांभाळण्याचा कोड टाकला. बायको आत नसती तर तो अर्धा तास गेला असता. बायकांच्या कामाला ‘काही नाही’ म्हणण्याची सवय आपण तीस-चाळीस वर्षं झगडून थोडीफार मोडली; पुरुषांनी घरात केलेल्या कामाचं नाव अजून त्यांच्याच तोंडी नाही. म्हणून तक्त्यांआधी किमान पंधरा मुलाखतींना जाऊन बस. शक्यतो सातनंतर जा, दिवसा गेलास तर पुरुष भेटणार नाहीत.

आता एक काम. वेळ-वापराच्या प्रश्नपत्रिकेतला दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे चारला संपतो, अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ रकाने. येत्या एका मंगळवारी तू आणि तिने, दोघांनी, एकमेकांना न दाखवता तो कागद भरा. बाळ आल्यावर दोन महिन्यांनी, पुन्हा एका मंगळवारी, तसाच भरा. तुझ्या रकान्यांत तुला काय लिहावं ते सुचलं नाही, तर ती जागा कोरीच ठेव. चारही कागद घेऊन घरी ये, आपण कोऱ्या जागांपासून सुरुवात करू.

तुझी,
मॅडम